मार्वेच्या खाडीत दोन विहिणी

दिंडोशी,
११ नोव्हेंबर २०२४

ती. शकुताईस रत्नाचा नमस्कार.

ताई, हे पत्र बसून वाच. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या कानांची गत तुला ठाऊक आहे. मी इकडून ओरडणार, तू तिकडून ‘काय? काय?’ करणार आणि तुझ्याआधी आमच्या अख्ख्या इमारतीला बातमी कळणार. म्हणून आपलं पत्रच बरं.

तर काल मी शिडाची होडी चालवली. बसले नव्हते, चालवली. सुकाणूची दांडी माझ्या हातात होती. एकोणसाठाव्या वर्षी.

ह्यामागे कोण असेल असं तुला वाटतं? आपल्या अपूर्वाची होणारी सासू. साखरपुड्याला अबोली रंगाची पैठणी नेसून आलेली ती गोरी, चष्मेवाली मृणालिनीताई, अंधेरीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची ती. निवृत्त झाल्यावर लोक गीतापठणाला जातात, ही बाई मार्वेला डिंगी शिकायला गेली. त्यांचा मिहिर आधीपासून जातोच, मग त्याच्यामागे अपूर्वा जायला लागली, आणि परवा मृणालिनीताईंचा मला फोन. म्हणाल्या, विहीणबाई, पन्नाशीपुढच्यांची नवी बॅच निघतेय, तुमचं नाव घातलंय. विहिणीला नाही कसं म्हणणार? लग्न वैशाखात आहे. गेले.

डिंगी म्हणजे केवढी, तर आपल्या ओटीएवढी. दोन माणसं, एक मोठं शीड, पुढे एक छोटं शीड, संपलं. इंजिन नाही, वल्हं नाही. मार्वेच्या किनाऱ्यावर ह्या रंगीबेरंगी होड्या आडव्या पडलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी तीनच होत्या म्हणे. आता बारा आहेत आणि तरी रविवारी नंबर लावून बसावं लागतं. बोरिवलीचा दातांचा डॉक्टर येतो, घाटकोपरचे जुळे भाऊ येतात, मढच्या कोळीवाड्यातली एक कॉलेजची मुलगी येते आणि ती सगळ्यांना मागे टाकते. शिकवणारा विकी पंचविशीचा आहे आणि मला ‘मॅडम, झकास’ म्हणतो, मी काहीही केलं तरी.

मी श्यामकांतांची ट्रॅकपँट घालून गेले होते. ते किनाऱ्यावर छत्री धरून उभे, चेहरा असा की मला लंडनला पोहोचवायला आलेत. ताई, शीड भरलं ना, की होडी हातात जिवंत होते. आवाज काही नाही, फक्त पाणी. मी एवढी हसत होते की विकीला वाटलं मी घाबरले.

निलेशला आणि सुनेला आशीर्वाद. पत्राची वाट बघते.

तुझी रत्ना

•

वेंगुर्ले,
२० नोव्हेंबर

चि. रत्नास अनेक आशीर्वाद.

गो, तुझं पत्र वाचून मी दोनदा पत्ता तपासला, ते आपल्याकडचंच आहे ना म्हणून. समुद्राच्या काठावर आपला जन्म गेला. गुडघ्यापुढे पाण्यात आपण कधी शिरलो होतो का? होडीला बाईमाणसाचा पाय लागला की मासळी पळते, म्हणून बंदरावर साधं टेकू देत नव्हते कोणी. आणि तू नवऱ्याची पँट घालून खाडीत.

बरं, ते राहू दे. होडी फुटकी नाही ना? गळ्यात ते फुगवायचं जॅकेट घालतात ते घातलं होतंस ना? कल बदलला की शिडाचा आडवा दांडा डोक्यात बसतो, हे त्या झकासवाल्याने सांगितलं का?

एक मात्र लक्षात ठेव. विहिणीबरोबर एका होडीत बसू नकोस. घरात वाजलं तर उठून जाता येतं, पाण्यात उतरणार कुठे?

श्यामकांतरावांना सांग, छत्री खाडीच्या वाऱ्यात उलटी होते.

तुझी ताई

ता.क. सुटल्यावर होडी तिरकी होते तेव्हा पोटात काय होतं, ते लिहिलं नाहीस.

•

दिंडोशी,
९ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

पोटात काय होतं ते सांगते. आधी गोळा येतो. मग होडी पार कलते, आणि आपण उलट्या बाजूच्या काठावर बसून पाठ पाण्यावर टाकायची, पाय पट्ट्यात अडकवून. आपल्या वजनाने ती सरळ होते. एवढी वर्षं वजन कमी करा म्हणून डॉक्टर मागे लागलेत. विकी म्हणतो, मॅडम, एक किलो पण कमी करू नका. त्या दिवसापासून मी त्याला रविवारी घावणे नेते.

तुझा सल्ला तंतोतंत पाळला गेला. मृणालिनीताईंच्या होडीत त्या आणि मिहिर. आमच्या होडीत मी आणि अपूर्वा. दांडी माझ्याकडे, पुढचं छोटं शीड तिच्याकडे. घरी ही मुलगी माझं एक ऐकत नाही, आणि पाण्यावर मी ‘वळतेय’ म्हटलं की पापणी लवायच्या आत दोर सोडते. आम्ही दोघी एवढ्या जवळ ती शाळेत जायला लागल्यापासून आलो नव्हतो. वैशाखात ती जाणार. मग हे रविवार मला किती मोलाचे, तूच विचार कर.

आता खरी बातमी. १२ जानेवारीला शर्यत आहे, आणि १६ फेब्रुवारीला दुसरी. आठ बोटी आमच्या गटात. पाण्यावर तरंगत्या नारिंगी खुणा, म्हणजे बोया, टाकतात, त्यांना वळसा घालून यायचं. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं, त्यामुळे होड्या एकमेकींच्या वाटेत सारख्या आडव्या येतात. मग वाट कोणाची? तर नियम आहे. वारा जिच्या उजव्या अंगावर येतो तिचा हक्क. डाव्या अंगावर वारा घेणारीने बाजूला व्हायचं. हक्कवालीने ‘स्टारबोर्ड’ म्हणून खणखणीत ओरडायचं, कारण समोरचीला शिडाआडून दिसतच नाही पुष्कळदा. आणि तरी जिने वाट दिली नाही, तिने चूक कबूल करून तिथल्या तिथे दोन गिरक्या घ्यायच्या. पाण्यावर पंच नसतो, आपणच आपल्याला धरायचं. मला हा नियम फार आवडला. वय, पैसा, कोण कुठला, काही नाही. वारा कुठून येतो तेवढंच.

फक्त ते ओरडणं मला जमत नाही. अपूर्वा म्हणते, भाजीवाल्याशी बोलतेस तसं बोल.

मृणालिनीताई भारी चालवतात. आमची खरी टक्कर त्यांच्याशीच आहे. ताई, मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन वारा बघते. पूर्वी मी गच्चीवर फक्त पापड बघायला जायचे.

तुझी रत्ना

•

वेंगुर्ले,
२० डिसेंबर

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझं पत्र सुनेने आधी वाचलं, मग मी, मग शेजारच्या दोघी. काल संध्याकाळी आम्ही चौघी धक्क्यावर गेलो आणि उजवं अंग, डावं अंग करत होड्या बघत बसलो. सगळ्या इंजिनाच्या होत्या म्हणून काही समजलं नाही, पण बरं वाटलं.

आता ऐक, हे मोठी बहीण म्हणून सांगते. शर्यत खेळ, हौस कर. पण विहिणीच्या पुढे जाऊ नकोस. त्यांची टक्कर कसली करतेस? आपण मुलीकडची. मुलगी द्यायची आहे तिथे आपण एक पाऊल मागे राहायचं असतं. तू पुढे गेलीस तर विहीण तोंडावर हसेल आणि मनात ठेवेल, आणि ते वैशाखानंतर अपूर्वाच्या ताटात वाढलं जाईल. खाडीतला नियम खाडीत. माणसांचा वारा नेहमी मुलाकडूनच येतो.

थोडं मागे राहिलीस म्हणून तुझं काय जातंय? सातवा नंबर, आठवा नंबर, कोण विचारतो.

घावण्याच्या पिठात ह्या खेपेला सुरय तांदूळ घाल.

तुझी ताई

•

दिंडोशी,
१३ जानेवारी २०२५

ती. ताईस नमस्कार.

काल शर्यत झाली. आम्ही आठव्या आलो. मध्येच वारा पडला, त्याला काय करणार. मृणालिनीताई दुसऱ्या आल्या. बाकी सर्व ठीक. अपूर्वाला कामाची घाई असल्याने ती ह्या रविवारी येईल असं वाटत नाही. तुझी तब्येत जप.

तुझी रत्ना

•

वेंगुर्ले,
२२ जानेवारी

रत्ना,

वारा पडला म्हणतेस. निलेशने मोबाईलवर तुमच्या क्लबचा व्हिडिओ शोधून दाखवला. त्यात आठही शिडं टरारलेली दिसतात आणि विकीच्या डोक्यावरची टोपी उडून जाते. मला कानाने कमी ऐकू येतं, डोळे शाबूत आहेत.

चार पानांचं पत्र लिहिणारी बाई चार ओळींवर आली, तेव्हाच मी समजले. काय झालं ते लिही. अपूर्वाला कसली घाई, तेही लिही.

ताई

•

दिंडोशी,
३० जानेवारी

ती. ताईस,

वारा छान होता. एवढा छान वारा विकीनेसुद्धा ह्या मोसमात बघितला नव्हता.

सुरुवात आमची पहिली झाली. भोंगा वाजला आणि आम्ही रेषेवरून सुटलो ते सगळ्यांच्या पुढे. अपूर्वा ‘आई, आपण पहिल्या’ म्हणत होती. पहिल्या बोयाच्या अलीकडे समोरून मृणालिनीताईंची निळी होडी आडवी आली. वारा माझ्या उजव्या अंगावर, त्यांच्या डाव्या. वाट माझी. त्यांचं शीड आमच्या बाजूला झुकलेलं, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. मी फक्त ओरडायचं होतं.

मला तुझं पत्र आठवलं असं म्हणून मी तुझ्यावर ढकलणार नाही. ते आधीपासूनच माझ्या अंगात आहे. साखरपुड्यात त्या उभ्या होत्या तोवर मी बसले नाही, त्यांच्या घरी गेले की खुर्चीच्या कडेवर बसते, फोन त्यांनी ठेवल्याशिवाय ठेवत नाही. समोर होडी नव्हती, विहीण होती. तोंडातून शब्द निघेना आणि हाताने दांडी ओढली. त्यांना वाट दिली. अशी एकदम वळवली की आमची होडी झोकांडी खाऊन उलटली आणि आम्ही दोघी पाण्यात. होडी सरळ करून पुन्हा चढेपर्यंत सगळे निघून गेले.

त्यांना ह्यातलं काही कळलं नाही. त्या तशाच पुढे गेल्या. मिहिरने मात्र मागे वळून बघितलं.

पाण्यात होडीच्या तळाला लटकलेली असताना अपूर्वा मला म्हणाली, “आई, तू का वळलीस ते मला कळलं. तू माझ्यासाठी वळलीस. पण आज तू वळलीस म्हणजे उद्या त्या घरात मी वळणार, हे ठरून गेलं.” त्यानंतर दोन रविवार ती आलेली नाही. घरात बोलते, जेवते, पण माझ्यासमोर जपून वागते. ते मला सहन होत नाही.

आणि दुसरं. किनाऱ्यावर मिहिर आईशी काहीतरी बोलला. मृणालिनीताई तडक विकीकडे गेल्या, ‘माझी बोट बाद करा’ म्हणाल्या, दुसरा नंबर सोडला आणि चहा न घेता निघून गेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून फोन नाही. साड्यांच्या खरेदीचं ठरायचं होतं, तेही नाही. ताई, मी मान दिला आणि त्याच रुसल्या. लग्नावर तर काही येणार नाही ना, ह्या विचाराने माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आता १६ फेब्रुवारीची शर्यत. काल मी अपूर्वासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, माझ्याबरोबर ये, ह्या वेळी मी वळणार नाही. ती म्हणाली, येते, पण वेळ आली तर तुझ्यावतीने मी ओरडणार नाही.

ह्या खेपेला तुला सल्ला विचारत नाही, ताई. फक्त कळवते आहे.

रत्ना

•

वेंगुर्ले,
८ फेब्रुवारी

चि. रत्नास,

विचारत नाहीस तर मी सांगत नाही.

सांगायला बसले असते तर पुन्हा तेच सांगितलं असतं. माझं मत एका पत्राने बदलत नाही. पण अपूर्वाचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि दुपारी मला झोप आली नाही.

सोळा तारखेला निकाल काय तो लगेच लिही. स्पीडपोस्टने पाठव. चौघी विचारतात, मी एकटी नाही.

ताई

•

दिंडोशी,
१७ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

हात अजून दुखताहेत, अक्षर सांभाळून घे.

वारा पश्चिमेचा, दुपारी दोनलाच उठला. किनाऱ्यावर ही गर्दी. क्लबच्या नव्या बॅचची माणसं, त्यांची पोरं, मनोरीच्या फेरीबोटीची वाट बघणारे लोकसुद्धा थांबून बघायला लागले. मृणालिनीताई त्यांच्या होडीपाशी होत्या. मी ‘नमस्कार’ म्हटलं, त्यांनी मान हलवली, झालं.

भोंगा वाजला. सुरुवात साधारण झाली, चौथ्या-पाचव्या होतो. अपूर्वा छोटं शीड असं धरून होती की दोर म्हणजे तिच्या हाताचाच भाग. एक होडी मागे टाकली, मग आणखी एक. माझी भीती कुठल्या वळणावर गळून पडली मला कळलं नाही. ताई, मी गात होते म्हणे. अपूर्वा सांगते, मला आठवत नाही.

आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. समोरून निळी होडी. वारा माझ्या उजव्या अंगावर. त्या सरळ आमच्या वाटेत येत होत्या, शीड आडवं, दिसत नव्हतं त्यांना. अपूर्वा पुढे बघत गप्प. पाठमोरी होती, पण तिचे खांदे मला वाचता येतात. ती वाट बघत होती.

मी तोंड उघडलं. ‘स्टारबोर्ड’ हा शब्दच येईना. इंग्रजी शब्द, ऐन वेळी कुठे पळाला कोण जाणे. आणि मग पोटातून जे काही निघालं ते मार्वेच्या किनाऱ्यावर फेरीबोटीच्या रांगेला ऐकू गेलं: “ओ मृणालिनीताई, बाजूक सरा!”

विहिणीला. असं.

निळ्या होडीत आधी मिहिर दचकला. मग त्यांचं शीड फडफडलं, त्या वळल्या, पण उशीर झाला होता. आमच्या होडीचं नाक त्यांच्या मागच्या कडेला घासून गेलं. मी दांडी केसभरही हलवली नाही. जाता जाता मला त्यांचा चेहरा दिसला, चष्म्यावर पाणी, आणि त्यांनी हात वर करून मोठ्याने सांगितलं, “आमची चूक.” आणि तिथल्या तिथे दोन गिरक्या. पहिली, दुसरी. सगळा किनारा बघत असताना. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शर्यत चालू असताना रडायचं नसतं, पण आलं.

अपूर्वाने मागे वळून बघितलं नाही. तिने एक हात मागे करून माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली आणि पुन्हा दोर धरला. ताई, मला बक्षीस तेच. तसा नंबर तिसरा आला, पितळी वाटीएवढा कप आहे, श्यामकांतांनी टीव्हीवर ठेवलाय. मृणालिनीताई पाचव्या.

किनाऱ्यावर त्या होडी सोडून थेट माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता मोडलं. त्या म्हणाल्या, “मागच्या वेळी तुम्ही न बोलता वाट दिलीत आणि माझ्या नकळत मला चोर केलंत. मी महिनाभर तुमच्याशी बोलू शकले नाही, इतकी लाज वाटली. मला विहीण नको आहे हो पाण्यावर. तिथे मला तुम्ही हव्या आहात.”

म्हणजे मी समजत होते त्या रुसल्या, आणि त्या तोंड लपवत होत्या. त्यांना वाटत होतं, मी त्यांना कच्चं समजून सोडून दिलं.

मग चहा झाला. भिजलेले आम्ही चौघे एका बाकावर, मी बाकाच्या मधोमध. साड्यांसाठी पुढच्या रविवारी जाऊ या म्हणाल्या. मी म्हटलं, रविवारी जमणार नाही, सराव आहे. हे ऐकून मीच दचकले. त्या म्हणाल्या, “अगं हो की, मलाही आहे.” ‘अगं’ म्हणाल्या. शनिवार ठरला. परत येताना रिक्षात अपूर्वा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, केसांना खाडीचा वास.

पुढच्या रविवारी बॅचला नऊ नव्या बायका आहेत. विकी म्हणतो, त्यांना ओरडायला मी शिकवायचं.

तुझी रत्ना

•

वेंगुर्ले,
२६ फेब्रुवारी

चि. रत्नास,

पत्र पोहोचलं तेव्हा घरात निलेशची सासू आलेली होती, लेकीला बघायला. तुला माहीत आहे, आडेलीची ती सावळी, कमी बोलणारी. ती आली की दारापाशीच उभी राहते, बस म्हटलं की खाली जमिनीवर बसते, आणि चहा दिला की पाण्यासारखा असला तरी छान झालाय म्हणते. मलाही त्यात कधी वावगं दिसलं नव्हतं. मुलीची आई.

चौघी जमल्या होत्या म्हणून मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. गिरक्या झाल्या, थाप झाली, बाकावरचा चहा झाला. शेजारच्या दोघी टाळ्या पिटत होत्या. सून पदराने डोळे पुसत होती आणि तिची आई तिच्याकडे बघत होती. वाचून मी चष्मा काढला.

मग ती बाई उठली. भिंतीजवळची लाकडी खुर्ची तिने स्वतः ओढून घेतली, माझ्या समोर ठेवली आणि तिच्यावर बसली. चांगली टेकून.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग मी उठून चहा टाकायला आत गेले. सून उठत होती, तिला म्हटलं, तू बस आईपाशी.

साखरेचा डबा हातात होता तेव्हा बाहेरून तिचा आवाज आला. माझ्या बहिऱ्या कानांना स्पष्ट ऐकू आला.

“विहीणबाई, माका साखर कमी घाला.”

मी कमी घातली.

तुझी ताई